बेल वाजलीच नाही

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर सांगणाऱ्याने त्यात स्वतःला जरा तरी बरं दाखवलं असतं.

तो घरांचे नकाशे काढतो, घरी बसूनच. हे सगळं त्याने मला भर दुपारी सांगितलं, मान खाली घालून. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

त्याला लहानाचं मोठं केलं ते आत्याने. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, हिंडणंफिरणंही थांबलं. म्हणून त्याने तिच्या उशाशी एक जुना कॉम्प्युटर ठेवला. तिने बटण दाबलं की शेजारच्या खोलीत याच्या कॉम्प्युटरवर बेल वाजायची.

मध्ये होती फायरवॉल. दुसरं कुठलं मशीन आपल्या कॉम्प्युटरशी जोडलं जाऊ पाहत असेल, तर ती त्याला दारातच अडवते आणि मालकाला विचारते, येऊ देऊ का? त्याने आत्याच्या मशीनला ‘आत्याची खोली’ असं नाव दिलं आणि कायमची परवानगी देऊन टाकली.

आत्या हौसेने बेल वाजवायची. पडदा ओढ. चष्मा सापडत नाही. कधी तर काहीच काम नसायचं. नुसतं, बस जरा.

एका मंगळवारी गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग चालू असताना बेल तीनदा वाजली. पलीकडचे हसले. हा कानकोंडा झाला. रागाच्या भरात त्याने फायरवॉल उघडली आणि निवडलं, ‘नेहमी नाकारा’.

तासाभरापुरतंच.

आणि विसरला.

बुधवारी संध्याकाळी पाचला तो चहा घेऊन तिच्या खोलीत गेला...

आत्या गेली होती. बोट बटणावरच होतं.

जो तो विचारायचा, शेवटी तिने बोलावलं कसं नाही? तो प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा. “बेल वाजलीच नाही.”

शब्दन् शब्द खरा. म्हणून तर त्याला जास्त लाज वाटायची.

सगळे पांगल्यावर त्याने फायरवॉलच्या नोंदी पाहिल्या. बुधवार, तीन बत्तीस ते तीन एक्कावन्न. ‘आत्याची खोली’... नाकारलं.

अकरा वेळा.

त्याने तो ‘नेहमी नाकारा’चा नियम पुसून टाकला, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. आत्याचा कॉम्प्युटर भंगारात दिला. खोली रिकामी करून दार लोटलं.

महिन्याभराने, दुपारी तीन बत्तीसला...

भिंतीपलीकडे बटण दाबल्याचा आवाज झाला.

खट्.

स्क्रीनवर चौकट उघडली. ‘आत्याची खोली’ कनेक्ट होऊ पाहत आहे. परवानगी द्या... नाकारा.

काहीही न दाबता तो बसून राहिला. थोड्या वेळाने चौकट आपोआप गेली.

नेटवर्कची कामं करणाऱ्या मित्राला त्याने विचारलं. मित्र म्हणाला, बंद झालेल्या मशीनचा नेटवर्कवरचा नंबर दुसऱ्या मशीनला मिळतो कधीकधी, त्यात काही विशेष नाही.

“आणि नाव?”

मित्राने विषय बदलला.

त्याने इंटरनेटची वायर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी तीन बत्तीसला...

खट्.

मग ती चौकट रोज येऊ लागली.

परवा धाकटी बहीण आली होती. आत्याचा विषय निघाला. “दादा, तू तिचं किती केलंस रे,” ती म्हणाली आणि रडायला लागली. सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात चौकट उघडली.

“हे काय आलंय?”

“काही नाही. कॉम्प्युटरचं नेहमीचं तुणतुणं,” तो म्हणाला आणि तिला वाचता येण्याआधी...

त्याने ‘नाकारा’ दाबलं.

ती गेल्यावर त्याने नोंदी उघडल्या. त्या दिवसाच्या तारखेला काहीच नव्हतं. त्या बुधवारच्या नोंदी मात्र अकरा होत्या, त्या आता बारा झाल्या होत्या.

मी त्याला विचारलं, एकदा परवानगी देऊन का बघत नाहीस?



“दिली तर बेल वाजेल,” तो म्हणाला. “मग उठून तिच्या खोलीत जावं लागेल.”