चषकावर नसलेलं नाव

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होते. कुणाला खोटी वाटली तर वाटू दे, मला फरक पडत नाही.

जुलैतली शनिवारची दुपार. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं आमचं खाणगाव, कॉपर नॅरोज. आमचं बर्फावरच्या हॉकीचं जुनं मैदान, रिंक, पाडणार होते, म्हणून निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. बर्फ केव्हाच काढून टाकलेला. खाली नुसतं सिमेंट.

मधल्या टेबलावर आमच्या हॉकी लीगचा चषक होता. ती लीग बंद पडून जमाना झाला. पण तिचा शेवटचा चषक आमच्या संघाने जिंकला होता. माझ्या भावाच्या, तारासच्या जिवावर.

अगदी खरोखर जिवावर.

अंतिम सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला. "मला दोन-दोन दिसतंय," तो म्हणाला. संघाचा मालक वेंडेल क्रॅग खेकसला, "नखरे बास. उतर!"

तारास उतरला. बाहेर चषक उंचावत होते, तेव्हा तो कपडे बदलायच्या खोलीत मरून पडला होता.

क्रॅगने पेपरवाल्यांना सांगितलं, पोरगा पिऊन आला होता. चषकावर सगळ्यांची नावं कोरली... त्याचं सोडून.

आणि आता हाच म्हातारा भाषण ठोकत होता. आम्ही सगळे एक कुटुंब, म्हणे!

"माझ्या भावाचं नाव घे, क्रॅग!" मी ओरडले.

तो हसला. "ओरीसिया, आज तरी नको. जुनं उकरून काय मिळणार तुला?"

तेवढ्यात...

टक्. टक्. टक्.

रिंकच्या कठड्यावर हॉकीची काठी आपटल्याचा आवाज. पडलेला खेळाडू उठला की बाकावर बसलेले खेळाडू आपटतात, तसा.

बाक रिकामं होतं.

"कोण चावटपणा करतंय रे?" क्रॅग गरजला. आवाज वाढत गेला. त्याने चिडून चषक उचलला...

आणि किंचाळला.

हात चिकटले होते! कडाक्याच्या थंडीत उघड्या हाताने लोखंड धरल्यावर चिकटतात, तसे. बाहेर पोरं आइस्क्रीम खात होती.

कुणीतरी गरम कॉफी ओतली. ती ओघळता ओघळता गोठली.

"तो प्यायला नव्हता!" क्रॅग रडत ओरडला. "मी खोटं बोललो! सोडव रे मला!"

तरी काठी आपटतच राहिली...

शेवटी हात सुटले. कातडी चषकावरच राहिली. मग एकदम शांतता.

मी जागची हललेही नव्हते. खोटं का बोलू, मला त्याची दया आली नाही.

संघाचा जुना गोलरक्षक लिओनेल माझ्या शेजारीच उभा होता. तो मला गाडीतून घरी सोडायला आला. दारात म्हणाला, "ओरीसिया, तू तसं का बोलत होतीस?"

"कसं?"

"तो रडत होता, आणि तू सारखी म्हणत होतीस, 'अजून... अजून...'" तो एक पाऊल मागे सरला. "तारासच्या आवाजात."

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.