वॉल्टरची डबी

नाटकाची तालीम संपून खुर्च्या रचून झाल्या होत्या. आई-बाबा मंडळी वर धवलच्या घरी जेवणाची तयारी करत होती आणि आम्ही खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, शिरीष काकांभोवती बसलो होतो. धवल भुताच्या गोष्टीसाठी मागे लागला होता.

"भुताची नाही येत मला," काका म्हणाले. "चंदूची सांगतो. घडलेली आहे."

चंदू म्हणजे चंद्रशेखर काका. ते आणि शिरीष काका इथे सिंगापुरात जुरोंग आयलंडला कामावर कंपनीच्या एकाच बसने जातात, रोज शेजारी बसतात. पुढचं शिरीष काकांनी सांगितलं तसंच लिहिते आहे.

या एप्रिलमधली गोष्ट. अठरा तारीख, शनिवार. रात्री साडेनऊला चंदू दही आणायला खाली उतरला. त्याच्या वडिलांना, निशिकांत आजोबांना, रात्री दहीभातच लागतो. बायको पुण्याला गेलेली, घरात बापलेक दोघंच. खालचं दुकान उघडं होतं. जाऊन येऊन दहा मिनिटांचं काम.

आता थोडं मागचं सांगायला हवं. चंदू आधी बरीच वर्षं अमेरिकेत होता, मिसुरीमध्ये. आजोबा त्याच्याजवळच. तिथे शेजारी वॉल्टर नावाचा एक म्हातारा. दोघांना एकमेकांचं इंग्रजी निम्मंच कळायचं, पण गट्टी जमली. वॉल्टरने आजोबांना शिकारीला नेलं.

"पण आजोबा तर अंडंसुद्धा खात नाहीत!" श्रिया म्हणाली.

"खायचा वॉल्टर. हे नुसते बरोबर. आपल्याकडे लोक भजनाला जातात तसे हे शिकारीला जायचे."

तर तिथे शिकारीचे दोन हंगाम. स्प्रिंगमध्ये, म्हणजे वसंतात, टर्की नावाचा मोठा रानपक्षी. फॉलमध्ये, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानगळीत, हरणं, आणि कुत्रं घेऊन माळावरचे पक्षी. दोन्हींची रीत एकमेकांच्या उलट. फॉलमध्ये माग काढत चालायचं, अंगात भगभगीत नारिंगी जाकीट, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला आपण लांबून दिसावं. टर्कीची नजर मात्र फार तिखट. म्हणून स्प्रिंगमध्ये झाडापानांच्या नक्षीचे कपडे, तोंडावर जाळी. झाडाला पाठ टेकून बसायचं आणि एका लाकडी डबीवर तिचं झाकण घासून मादीचा आवाज काढायचा. नर आपण होऊन येतो. तोवर हलायचं नाही. कुणी नावाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रानात तसा आवाज ऐकू आला तर त्याच्या दिशेने जायचं नाही. कारण तो काढणारा कोण आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

वॉल्टर गेला तेव्हा त्याची डबी त्याच्याबरोबर पुरली. आजोबांनी स्वतःच्या हाताने पेटीत ठेवली.

मग चंदू सिंगापूरला आला. आंग मो किओमध्ये फ्लॅट घेतला. इथे आजोबांची आठवण विस्कटायला लागली. रोज सकाळी एकच प्रश्न. "चंदू, स्प्रिंग की फॉल?" खिडकीतून बघून त्यांना कळणार कसं? इथे बारा महिने तेच हिरवं. चंदू तोंडाला येईल ते सांगायचा. त्या शनिवारी पेपर वाचता वाचता म्हणाला, "स्प्रिंग, बाबा."

तर तो दही घेऊन वर आला. दार उघडं. खुंटीवर आजोबांचं शिकारीचं नारिंगी जाकीट होतं. शेजारी टांगलेले झाडापानांचे कपडे नव्हते.

चंदूच्या हातातलं दही तिथेच पडलं.

पोलीस आले. तरुण पोरगा होता बिचारा. "अंकल, ही वेअरिंग व्हॉट?"

"ट्री," चंदू म्हणाला. "लाइक अ ट्री."

पोराने लिहिता लिहिता वर बघितलं. चंदूला रडू फुटलं. जो माणूस दिसू नये म्हणून कपडे घालून गेलाय, हाकेला ओ देणार नाही, हलणार नाही, त्याला अंधारात शोधायचं कसं? त्यात आजोबांना हृदयाचं दुखणं. रात्रीची गोळी घ्यायची राहिलेली.

लिफ्टच्या कॅमेऱ्यात ते बाहेर पडताना दिसले. तिथून पुढे जलाशयाकडचं जंगल. पोलीस एका बाजूने शिरले, चंदू ओल्ड अप्पर थॉमसन रोडच्या बाजूने. "बाबा! बाबा!" करत घसा बसला. दोन वाजले. फोनची बॅटरी संपली. मग त्याला खिशातली डबी आठवली, आजोबांची स्वतःची. घरी ते रात्री-बेरात्री वाजवायचे, शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून ती चंदूने कपाटात ठेवली होती. निघताना घेतली होती.

हाकेला नाही, पण हिला बाबा ओळखतील.

त्याने झाकण घासलं. दोन छोटे आवाज, एक लांब.

...

आतून उत्तर आलं. दोन छोटे. एक लांब.

"मंग... आजोबा ना ते?" धवलने विचारलं.

"आजोबांची डबी चंदूच्या हातात होती," काका म्हणाले.

काका हातातला कागदी कप घड्या घालून लहान लहान करत होते.

चंदूलाही ते कळलं. पण मागे फिरून जाणार कुठे? तो आवाजाकडे चालत गेला. आवाज लांब गेला. तो धावला. आणखी लांब. काट्यांनी हात ओरबाडले, चिखलात बूट गेला. शेवटी एका मोठ्या झाडाला पाठ टेकून तो मटकन बसला.

आणि आवाज जवळ यायला लागला.

दोन छोटे. एक लांब.

मग पाचोळ्यात पावलं. जड. बुटांची. सावकाश.

चंदू श्वास सोडत होता, त्याची तोंडासमोर वाफ झाली. एप्रिलमध्ये. सिंगापुरात. बोटं बधिर झाली.

पावलं थांबली. झाडाच्या पलीकडे काहीतरी खाली बसलं. पाठ खोडाला घासल्याचं त्याला कळलं. मध्ये फक्त झाड.

"बाबा...?"

...

वळून बघावंसं वाटलं. धीर झाला नाही. ते बाबा नसले तर?

तो हळूच म्हणाला, "वॉल्टर, प्लीज. त्यांना नेऊ नका. मी नीट सांभाळीन. खोटं नाही सांगणार परत. प्लीज."

काही नाही.



मग झाडामागून खोकला आला. तो खोकला चंदू जन्मापासून ओळखत होता.

तो गुडघ्यांवर रांगत पलीकडे गेला. आजोबा खोडाला टेकून बसलेले, तोंडावर जाळी. एकटेच. हात लावला तर फ्रीजमधून काढल्यासारखे गार. पण जिवंत.

"काय रे मध्येच वाजवत होतास?" ते चिडून म्हणाले. "आम्ही बोलत होतो ना."

"कोण आम्ही, बाबा?"

"वॉल्टर आणि मी. मी म्हटलं, चल, येतो तुझ्याबरोबर. तर म्हणतो, आत्ता टर्कीचा हंगाम. तुझा फॉलमध्ये."

चंदूने त्यांना पाठीवर घेतलं आणि रस्त्यावर आणलं.

हॉस्पिटलात नर्सने आजोबांचा मोजा काढला. घोट्याला सुतळीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. नर्सला वाटलं, चंदूने नाव-पत्ता बांधलाय. चंदूने ती ओळखली. मिसुरीत तशी चिठ्ठी असायची, मारलेल्या जनावराच्या पायाला बांधायची. कडेला महिने छापलेले, खाली तारखा. जनावर मारलं की सुरीने महिन्यावर खाच पाडायची आणि दिवसावर खाच पाडायची.

या चिठ्ठीवर महिन्याची खाच होती. नोव्हेंबरची. दिवसांची रांग कोरी होती.

"फेकून द्यायची ना, अंकल!" धवल म्हणाला. "बर्न इट, लाह."

"जाळायची भीती वाटली त्याला. कपाटात कुलूप लावून ठेवलीय. रोज सकाळी आधी ती बघतो, मग आजोबांना उठवतो. उद्या नोव्हेंबर लागतो, उद्यापासून महिनाभर रजेवर आहे. आजोबांना सोडून हलणार नाही म्हणतो."

वरून आईने जेवायला हाक मारली. कुणी उठलं नाही.

"मग अजून कोरीच आहे?" मी विचारलं.

 काकांनी खिशातून फोन काढला.

"आज बसमध्ये चंदू नव्हता. त्याने हा फोटो पाठवला."

आम्ही पुढे वाकलो. पिवळट पुठ्ठा. नोव्हेंबरवर जुनी, कडा मळलेली खाच. आणि खाली, तारखांच्या रांगेत, आणखी एक खाच. ताजी. आतला पुठ्ठा अजून पांढरा होता.

कितव्या आकड्यावर, ते काकांच्या अंगठ्याखाली होतं. त्यांनी अंगठा काढला नाही.