जोडहात

सकाळचे सात वाजले, की ऋजुता माने ओट्यापाशी उभी राहून दोन्ही हातांत मोजे चढवायची. बाहेर कॅनडातल्या एडमंटनचा जानेवारी, पारा उणे अठ्ठावीस, आणि उजाडायला अजून पावणेदोन तास. आत परातीत ज्वारीचं पीठ. मनगटावरचा हिरवा दिवा लागला की तिचे हात तिचे राहत नसत. तिकडे तासगावात संध्याकाळचे साडेसात झालेले असत. तिची आई मालनबाई देवापाशी दिवा लावून, तसेच मोजे घालून परातीपुढे बसलेली असे. आई थापायची तिकडे, भाकरी व्हायची इकडे.

यंत्राचं नाव जोडहात. कातडीइतक्या पातळ मोज्यात केसासारखे हजारो ओढतंतू असतात, आणि वीज मिळाली की ते स्नायूंसारखे आकसतात. एका मोज्याने तिकडची हालचाल टिपायची, दुसऱ्याने इकडचा हात तसाच ओढायचा. आणि उलटही होई. इकडच्या पिठाचा घट्टपणा, तव्याची धग तिकडच्या बोटांना कळायची. निरोप पोचायला पाव सेकंद लागतो, आणि पाव सेकंद उशिरा थापलेली भाकरी फाटते. म्हणून पुढची थाप कुठे पडणार हे यंत्र आधीच ताडून हात चालवायचं. ह्या सोयीला म्हणायचे ‘अंदाज’. दुसरी सोय ‘गाळणी’. हाताला बसणारे नको ते झटके ती मधल्यामधे काढून टाकायची. दोन्ही सोयी आपोआप चालू असतात असं पुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर लिहिलं होतं. आता पुस्तिका कोण वाचतो?

चार वर्षांपूर्वी ही मंडळी इथे आली तेव्हा जोडहात नव्हता. पहिल्या हिवाळ्यात ऋजुताने काय काय भोगलं ते तिलाच ठाऊक. दारापुढचा बर्फ आपणच उपसायचा, नाहीतर नगरपालिकेची नोटीस. नवरा धैर्यशील तेलाच्या पाइपांची तपासणी करायला उत्तरेकडे जायचा तो पंधरा-पंधरा दिवस. दोन वर्षांची गार्गी कडेवर, आणि बोलायला चार भिंती. एकदा पोर झोपल्यावर ती नुसती पिठाचा डबा उघडून वास घेत बसली होती, आणि धैर्यशीलने ते पाहिलं. पुढच्या महिन्यात त्याने मोज्यांच्या दोन जोड्या घेतल्या. एक तासगावला पाठवली.

तेव्हापासून घर मार्गी लागलं, खोटं कशाला बोला. रोज सकाळी आईच्या हातची भाकरी. ऋजुताला स्वतःला भाकरी कधीच आली नव्हती, आणि आता शिकायची गरजही उरली नाही. भाकऱ्या झाल्या की आईचा हात शेवटचं एक काम करायचा. गार्गी समोर येऊन उभी राहायची. हात तिच्या डोक्यावरून, गालांवरून फिरायचे आणि मग ऋजुताच्याच कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. नातीची दृष्ट निघायची अशी, समुद्रापलीकडून.

परदेशातल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, हा आपल्याकडचा कायदाच आहे. परदेशातल्यानेही घरी कळवायची नाही. दोन्हीकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. धैर्यशीलची नोकरी पाच महिने गेली होती ते तासगावला कळलं नाही. गार्गीला आता डब्यात सँडविच लागतं, भाकरी पाहिली की ती नाक मुरडते, तेही कळलं नाही. आणि सप्टेंबरात तिला गावाच्या दुसऱ्या टोकाची शाळा मिळाली, तिची बस सातला पाच कमी असताना येऊ लागली, तेव्हा ऋजुताने एक युक्ती काढली. गार्गीची जुनी लोकरी टोपी खुर्चीच्या पाठीवर चढवून ठेवायची आणि हात तिच्यावरून फिरू द्यायचा, सुट्टीच्या दिवशी गार्गी झोपलेली असली तरीही. आईला काय कळतंय?

एकदा टोपीवरून हात फिरल्यावर आई म्हणाली, पोरीचे केस राठ झाले गं, तेल लावत जा. ऋजुता हो म्हणाली. त्या दिवशी कामावर तिचं लक्ष लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने टोपी पुन्हा खुर्चीवर चढवली.

आईने कॅमेरा गेल्या उन्हाळ्यापासूनच बंद केला होता. मोबाइलला पीठ लागतं, माझं तोंड काय बघायचंय, हात बघ, असं आईचं म्हणणं. ऋजुतानेही मग आपला बंद केला, आणि सप्टेंबरात ते बरंच झालं. खुर्चीवरची टोपी आपोआप झाकली गेली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उजव्या मोज्याचा अंगठा तापू लागला. शनिवारी ऋजुता तो घेऊन मॉलमधल्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथे ओलेना नावाची तरुण बाई होती. तिने मोजा तारेला जोडला, पडद्यावर आलेख उमटले, आणि ती कौतुकाने बघतच राहिली. तिकडे आईचा हात असतो हे कळल्यावर तिने सहज विचारलं, तुमच्या आईला हा आजार कधीपासून आहे?

ऋजुता म्हणाली, कसला आजार? आई ठणठणीत आहे.

ओलेनाने पडदा स्वतःकडे वळवला. पण गिऱ्हाइकाने विचारल्यावर सांगणं भाग होतं. तिने वरची रेघ दाखवली, दातेरी, करवतीसारखी. हा तिकडचा खरा हात. खालची सरळ, गुळगुळीत रेघ म्हणजे गाळणीतून इकडे आलेला. कंप अडीच वर्षांपासून वाढत गेला होता, आणि जसजसा हात कमी पडला तसतशी त्याची जागा अंदाजाने भरून काढली होती. आईच्या चार वर्षांच्या थापा यंत्राकडे होत्याच. मागच्या वर्षी शंभरातल्या चाळीस थापा आईच्या होत्या, दिवाळीनंतर पाच. ह्या महिन्यात एकही नाही.

“आणि शेवटी हात वर जातो, गोल फिरतो, ते?” ऋजुताने विचारलं.

“ते ऑगस्टपासून यंत्रच करतं,” ओलेना म्हणाली. “तिकडचा हातसुद्धा. तुमच्या आईंचा हात उचलून यंत्रच फिरवतं.”

ओलेनाने नवा अंगठा बसवून दिल्यावर ऋजुताने मोजा पिशवीत टाकला. गाडीत बसल्यावर तिला आठवलं, की ऑगस्टनंतर महिन्याभरात खुर्चीवर टोपी आली. तिकडे हात नाही, इकडे डोकं नाही. रोज सकाळी सात-वीसला यंत्र एका टोपीची दृष्ट काढत होतं. गाडीचं दार उघडून ती तशीच त्या थंडीत उभी राहिली.

तासगावात निजानीज झाली होती, म्हणून तिने कशीबशी कळ काढली आणि तिथे उजाडल्याबरोबर आईजवळ राहणाऱ्या वैशाली वहिनीला, भावाच्या बायकोला, फोन लावला. वहिनी आधी काहीबाही सांगत राहिली, मग रडू लागली. कंपवात आहे, डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. आईंनी शपथ घातली होती. पोरीला कळलं तर तिकडचा संसार टाकून धावत येईल, नाहीतर येता येत नाही म्हणून कुढत बसेल. आता घास भरवावा लागतो. घरच्या भाकऱ्या दोन वर्षं वहिनीच करते. पण संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई मोजे चढवून घेतात आणि रिकाम्या परातीपुढे बसतात. यंत्र हात हलवतं तेवढा वेळ तो थरथरत नाही. त्या वेळी आईंचा चेहरा बघवत नाही गं, वहिनी म्हणाली, इतक्या खूश असतात.

ऋजुताने धैर्यशीलला उत्तरेकडे फोन केला. तो म्हणाला, जूनमध्ये रजा मिळतेय, जाऊ सगळे. तोवर आहे तसं चालू दे, आईंना त्यात सुख आहे ना? बोलणं शहाणपणाचं होतं, आणि म्हणूनच ऋजुताला त्याचा राग आला. जूनपर्यंत आपण कुणाचा हात धरणार आहोत? एकदा, एकदा तरी तिला आईचा हात हवा होता, मग तो कसा का असेना.

सोमवारी गार्गीची बस गेली. ऋजुताने नवा अंगठा बसवलेला मोजा चढवला, आणि चाळिसाव्या पानावर लिहिल्याप्रमाणे आधी अंदाज बंद केला, मग गाळणी.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग हात थरथरायला लागला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होते, जपमाळ ओढावी तसे. हात परातीकडे गेला, गोळ्यावर आपटला, घसरला, पीठ ओट्यावर, तापल्या तव्यावर सांडलं. पुन्हा उठायला बघत होता आणि उठत नव्हता. ऋजुताच्या मनगटाला त्या दुबळ्या हाताची सगळी खटपट कळत होती. चार वर्षांत जोडहातातून आईचा हात असा कधी लागला नव्हता. तिने ओठ गच्च मिटले, पण रडू आलंच.

“गाळणी काढलीस व्हय गं?” तिकडून आईचा आवाज आला. घोगरा, पण शांत.

“आई, मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय झालं असतं? रडत बसली असतीस. आता बसलीयास तशी.”

ऋजुताने विचारलं, यंत्रच सगळं करतंय हे तुला कळत होतं का?

“न कळायला काय झालं? चाळीस वर्षं थापलेला हात हाय ह्यो. दुसऱ्यानं हलवला तर वळखणार न्हाई?” आईने श्वास घेतल्याचा आवाज आला. “हात माझा न्हवता, ते मला पयल्या दिवशीच कळलं. म्हटलं, असू दे. हात उसना तर उसना. माझ्या बोटांना पोरीचं डोकं तर लागतंय. त्येवढ्यासाठी दिवसभर वाट बघती मी.”

ऋजुताने खुर्चीकडे पाहिलं. सवयीने तिने पहाटेच टोपी चढवून ठेवली होती. निळी, एका बाजूला उसवलेली.

“आता तुझी ती गाळणी नगं,” आई म्हणाली. “गार्गीला बोलव. कशीबशी फिरवीन मी माझा मीच हात. वाईच दमानं धर म्हणावं.”

मोज्यातला हात उठला. झटके खात, वाट चुकत तो खुर्चीच्या दिशेने निघाला, आणि ऋजुताने आपल्या सगळ्या जोरानिशी तो मागे ओढून धरला. तेवढं तिकडे लगेच कळलं.

तव्यावर सांडलेलं पीठ करपत होतं.

“का गं, धरून का ठेवलास?” आईने विचारलं. “ऋजू, हात माझा न्हवता, ते जाऊ दे. पण डोकं तर गार्गीचंच होतं न्हवं?”