ऐकून न घेता दिलेला निकाल

"मले ओवाळू नको, अक्का!"

सत्काराच्या भरल्या मांडवात मनकर्णाबाईंनी ओवाळणीचे ताट खाली घेतले. धाकटी बहीण अन्नपूर्णा बारा वर्षांनी अमडापूरला आली होती. आठ दिवसांनी ती नागपूरला उच्च न्यायालयाची न्यायमूर्ती म्हणून शपथ घेणार होती... जिल्ह्यातली पहिली स्त्री! ताशा कडाडत होता, अभिमानाने मनकर्णाबाईंचा ऊर फुटू पाहत होता, आणि हिच्या डोळ्यांत मात्र हा अंगार!

कायद्याने लेकींना बापाच्या जमिनीत वाटा दिला, तेव्हा आपल्या सुसंस्कृत समाजाने तत्परतेने एक तोड काढली: बहिणीने हक्कसोडपत्रावर अंगठा उठवायचा आणि भावाने साडीचोळी देऊन तिच्या मोठ्या मनाचे गोडवे गायचे! नवऱ्याने टाकलेल्या मनकर्णाबाईंनीही तो उठवला होता. वकिलीची सनद मिळाल्यावर अन्नपूर्णेला ते कळले, आणि "तू भेकड आहेस" एवढेच लिहून तिने बोलणे तोडले.

ताशा थांबला आणि भाऊ उत्तमराव भाषणाला उभे राहिले. "लोक हसले, पन बहिणीले म्याच शिकवलं!"

टाळ्या! मनकर्णाबाई पुढे सरसावल्या आणि थबकल्या. बोलावे तर देवापुढे घेतलेली शपथ मोडते... न बोलावे तर ही पोर मनात तिरस्कार घेऊनच त्या उच्चासनावर बसेल!

"खोटं काऊन बोलून राह्यले?" उत्तमरावांची बायको गीताबाई ताडकन उठली. "तुमी तर तिचं लगन ठरवलं होतं! 'हिस्सा सोड, मंग हिले शिकवतो' हे अक्काले कोन म्हनलं? आन् तिले सांगू नको म्हून देवापुढं अक्काले शपथ कोन घातली?"

"चूप बस वं!"

"बसली ना पंधरा वर्सं!"

अन्नपूर्णेचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्का... मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं पुस्तकं फेकून घरी आली असती तू, माय..."

कुणालाही त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून दोषी ठरवू नये, या एका तत्त्वासाठी अन्नपूर्णा आयुष्यभर न्यायालयात झुंजली होती, आणि घरात? गळ्यातला हार ओढून काढत तिने बहिणीचे पाय धरले. "तुह्यं ऐकूनच नाही घेतलं मी... शिक्षा सांग, अक्का!"

मनकर्णाबाईंनी तिला उराशी कवटाळले. "शपथेच्या दिवशी मले पयल्या रांगेत बसव."

"आन् दादाले?"

उत्तमराव टोपी चुरगाळत खाली मान घालून उभे होते. "चुकलो, अक्का..."

मनकर्णाबाई रडता रडता हसल्या. "त्यालेबी ने... पन भाषन करू देऊ नको!"