लिंडालचं ‘नको’

बीट भरलेले ट्रक हायवेवरून धाडधाड चालले होते, आणि पलीकडे जायला सिग्ने पावसात गाडी थांबवून ताटकळत बसली होती. चौकाच्या कोपऱ्यावर पिवळा रेनकोट घातलेला एक तरुण येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत होता. त्यानं तिच्या खिडकीवर टकटक केली.

“बराच वेळ लागेलसं दिसतंय. कॉफी घेणार?”

“छे हो, नको... कशाला उगाच!”

“बरं,” म्हणत त्यानं थर्मासला झाकण लावलंसुद्धा!

सिग्ने बघतच राहिली. मिनेसोटातल्या या लिंडाल गावात पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, यजमानानं तीनदा विचारायचं, मग हो. पाळण्यातली पोरंदेखील दूध असंच पीत असावीत. आणि हा कोण उपटसुंभ?

“तुम्ही शिकागोकडचे का?”

“कसं ओळखलंत?”

“कॉफीवरून,” ती म्हणाली. तो मोकळा हसला, आणि तिला ते हसू फारच आवडलं.

हा रूबेन ओकाम्पो, चौकाची पाहणी करायला आलेला इंजिनियर. इथे सिग्नल बसवायचा की नाही, हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं. वर्षभर सिग्नलसाठी दारोदार सह्या गोळा करत फिरली होती ती सिग्नेच. मागच्या हंगामात तिच्या वडिलांना, आर्विडना, एका ट्रकनं इथेच उडवलं होतं. कंबरेचं हाड सांधलं, पण म्हातारा हट्टी. काठी टेकत अजूनही रोज हायवे ओलांडून मित्रांकडे कॉफीला जायचा, आणि तो परत येईपर्यंत सिग्नेचा जीव टांगणीला.

मग रोजच सिग्नेची गाडी चौकात रेंगाळू लागली. कधी रूबेनच्या ओल्या मोज्यांची चेष्टा, कधी तिच्या गाडीच्या खडखडाटाची. एका संध्याकाळी तो अडखळत म्हणाला, “शनिवारी... माझ्याबरोबर जेवायला याल?”

सिग्नेच्या काळजानं उडी मारली. पण जीभ मेली लिंडालची! “अहो, तुम्हाला कशाला त्रास...”

“ठीक आहे,” तो म्हणाला. चेहरा मात्र एवढासा झाला.

“दुसऱ्यांदा विचारायला याचं काय जात होतं?” घरी येऊन तिनं उशीवर बुक्की मारली.

“पोरगा चांगला आहे,” आर्विड म्हणाले, “पण वळण नाही.”

आठवड्यानं चर्चच्या तळघरात सभा भरली. अख्खा गाव लोटला. रूबेननं सरळच विचारलं, “तुम्हाला इथे सिग्नल हवाय ना?”

आर्विडच काठीवर रेलून उठले. “नको हो. आमच्यासाठी कशाला एवढा खर्च!”

“चाललंय आमचं,” चारी बाजूंनी माना डोलल्या.

रूबेन गोंधळला. “मग... मी तसंच कळवतो.” तो कागद आवरू लागला. सगळे दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसले होते, आणि दुसरा प्रश्न काही येईना.

सिग्ने ताडकन उठली.

“हवाय! पहिल्याच खेपेला सांगते, हवाय! बाबा घरी परत येतील की नाही, या धास्तीत मला रोज जगायचं नाहीये. आणि हे सगळे नको म्हणत नाहीयेत हो, तुम्ही पुन्हा विचारायची वाट बघतायत!”

आर्विडनी घसा खाकरला. “आता पोरगी एवढं म्हणतेच आहे... तर बसवा बापडे.” हशा पिकला आणि एकेक करत सगळे हात वर झाले.

बाहेर पाऊस रिमझिमत होता. रूबेन तिच्यामागे धावतच आला.

“म्हणजे शनिवारचं ते ‘कशाला त्रास’...?”

“‘हो’ होतं ते. अख्खंच्या अख्खं ‘हो’.”

“आणि मी वेडा! उद्या निघायचं म्हणून सामान बांधून बसलोय.”

“नका जाऊ,” ती म्हणाली. “तुम्ही मला आवडता. खूप. आज आमच्याकडे जेवायला चला.”

“छे हो, नको.”

तिचा चेहरा पडला. “चला ना...”

“तुम्हाला उगाच त्रास,” तो म्हणाला. ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं.

सिग्नेनं त्याची भिजलेली बाही घट्ट धरली. “लबाडा! तिसऱ्यांदा विचारतेय. येतोस की नाही?”

“येतो,” तो म्हणाला. “पण नंतर कधी जा म्हणालीस, तर तेही तीनदा म्हणावं लागेल.”

ती एकदाही म्हणाली नाही.