वीरगंजचे हिरवे मणी

"आवं, माती हाय ती! नुसती माती!" आबा कळवळून सांगत होते.

नेपाळातल्या वीरगंजच्या पोलीस चौकीत हवालदार गुरुंग आबांच्या पोत्यात हात घालून बसले होते. "माती?" ते हिंदीत म्हणाले. "भारतात माती मिळत नाही का? यात काहीतरी लपवलंय!"

आबांची मुलं, मनू आणि धुळा, भेदरून उभी होती. सीमेपलीकडे, भारतातल्या रक्सौलला आबांचं सोनं गाळायचं दुकान होतं. सोनारांच्या दुकानातला केर आणायचा, धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण वेगळे करायचे. या कामापायी आबा तीन वर्षं महाराष्ट्रात, विट्याला घरी आले नव्हते. एस.टी. आली की आई अजून दारात येऊन उभी राहायची. म्हणून मेच्या सुट्टीत दोघं काकाबरोबर आबांना न्यायला आली होती. आता काका दुकान बघणार होता, आणि केराचं हे शेवटचं पोतं रक्सौलला पोचवून संध्याकाळच्या गाडीनं आबा घरी निघणार होते!

"केर ह्यांनीच दिला," आबांनी समोरच्या दुकानातून बोलावलेल्या सोनाराकडे बोट दाखवलं.

पोलीस बघून सोनार घाबरला. "मैं नहीं जानता!" म्हणाला आणि सटकला.

"मग थांबा. आमचे साहेब परवा येतील," हवालदार म्हणाले.

परवा! मनू डोळे पुसू लागली.

"रडतीस काय, येडे? ते बघ!" धुळा कुजबुजला. सांडलेल्या मातीत हिरवं काहीतरी चमकत होतं. काचेचे बारीक मणी!

"सोनाराच्या केरात मणी कसं?" मनू म्हणाली, आणि समोरच्या दुकानाकडे धावतच सुटली.

"ए लडकी! रुको!" हवालदार मागे धावले.

सोनाराच्या उंबऱ्याला टेकून एक म्हातारी हिरव्या मण्यांच्या माळा ओवत होती. निसटलेले मणी घरंगळत थेट सोनाराच्या दुकानात जात होते! मनूनं तिथला केर मुठीत घेतला.

"बघा सायेब! ह्यातबी तेच मणी! ह्योच केर!"

सोनारानं मान खाली घातली. "मीच दिला. भ्यालो होतो."

हवालदार खो-खो हसले. "शाबास! मी मघापासून पोत्यात हात घालून बसलोय, मला दिसलं नाही!" मग त्यांचा आवाज उतरला. "माझी पोरं पहाडात आहेत. दोन दसरे झाले, गेलो नाही. जा भाऊ, गाडी पकडा."

पोतं त्यांनी स्वतः टांग्यात चढवलं.

गाडी सुटली. इंजिनाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, तरी मनू आबांची बाही धरून ताठ बसली होती.

"लय हुशार हाय गं माझी पोर! नीज आता," आबा म्हणाले.

"न्हाई. तुमी मधीच उतरून गेला तर?"

आबांनी खिडकीची जागा सोडली आणि दोघांच्या मधे येऊन बसले.