डावीकडची गादी

जेवणं झाली, गच्चीवर सतरंज्या पडल्या आणि प्रांजलीनं विषय काढला. ती नोकरीसाठी पुण्याहून नुकतीच आलेली. "काका, बेंगळुरात भुतं कशी असतील हो? इथं तर रात्रभर दिवे जळतात."

प्रतापरावांनी सुपारी कातरायची थांबवली.

"दिव्याचा काय संबंध? आमच्या मालोजीरावांच्या घरात खोलीखोलीत रात्रभर दिवा लुकलुकत होता. त्यांचा मुलगा यशोवर्धन, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तसं सांगतो. खालचा दिवा घालव ग जरा. आणि मधे बोलू नका."

तर यशू एक दिवस जयनगरच्या बाजारात गेला तो वडिलांसाठी खरेदी करायला. मालोजीराव न्हाणीघरात घसरले होते, खुबा मोडला होता. ऑपरेशन नीट झालं, पण माणूस उताणाच पडून राहायचा. कुशीवर वळायचं तरी दुसऱ्यानं वळवावं लागे. बायको आधीच गेलेली. जयनगरच्या घरात जवळ होती ती त्यांची विधवा बहीण, अंबुबाई. यशू आणि त्याची बायको संयोगिता राहायचे बेळ्ळंदूरला. तिथनं जयनगर म्हणजे एकाच गावात असून परगावी असल्यासारखं. रोज येणं जमायचं नाही, आणि न येण्यानं जीवाला घोर लागून राहायचा.

यशू स्वतः कंपनीत नेटवर्क सांभाळणारा. त्यानं विचारपूर्वक सामान घेतलं. वडिलांच्या खोलीत भिंतीवर कॅमेरा, त्यातनं बोलताही येई. पॅसेजमध्ये एक डबी, कुणी समोरून गेलं की तिचा दिवा लागे. आणि गादीखाली घालायच्या दोन पातळ पट्ट्या. माणूस गादीवर आहे का, उठला का, श्वास कसा चाललाय, हे सगळं त्या पट्ट्यांना कळतं. जोडीच मिळत होती, आणि पलंगही जोडीचाच होता, शेजारी शेजारी दोन गाद्या. उजवीकडं मालोजीराव. डावीकडची बायकोची. ती गेली तरी कुणी हलवली नव्हती. यशूनं दोन्हीखाली पट्ट्या सरकवल्या, सगळं घरच्या वायफायला जोडलं आणि अंबुबाईंना म्हणाला, "आता मी बेळ्ळंदूरला असलो तरी इथंच आहे म्हण."

"असशील बाबा," अंबुबाई म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी यशूनं मोबाइल उघडला तर डावी गादीही भरलेली. रात्रभर. नुसती भरलेली नाही, तर श्वासाची रेघ होती. संथ, वर खाली, वर खाली.

त्यानं फोन लावला. "आत्या, काल अप्पांच्या शेजारी झोपली होतीस का?"

"मी? मी माझ्या खोलीत."

यशू हसला. त्यानं दोन्ही रेघा एकीखाली एक धरून पाहिल्या. अगदी एकसारख्या. म्हणजे अप्पांचाच श्वास शेजारच्या पट्टीला जाणवतोय, दुसरं काय? पलंग एकच, फळ्या एकच. रविवारी जाऊन त्यानं पट्ट्या अदलाबदल केल्या. रात्री पुन्हा तेच. मग त्याला वाटलं, कुणी बाहेरचा माणूस आपल्या वायफायमध्ये घुसलाय. पासवर्ड बदलला, एकेक वस्तू काढून नव्यानं जोडली. घरात अनोळखी असं काहीच जोडलेलं नव्हतं.

आणि त्याच रात्रीपासून कॅमेरा बंद पडायला लागला.

रोज. रात्री सगळीकडं निजानीज झाली की पॅसेजमधली डबी सांगायची, कुणीतरी गेलं. मग अप्पांच्या खोलीचा कॅमेरा काळा. पहाटे परत चालू. एकदा तो जागाच राहिला. काळं होण्याआधी चित्रात एक हात आला. बांगडी नसलेला, सुरकुतलेला. त्या हातानं पिन उपटली.

अंबुबाईंचा हात.

संशय एकदा आत शिरला की सगळं त्याच्या मापाचं दिसायला लागतं. अंबुबाईंचा मुलगा नागराज जे. पी. नगरला भाड्यानं राहत होता. मागं एकदा तो सहज म्हणाला होता, "मामांचं घर केवढं मोठं आहे." आता यशूला ते सहज वाटेना. त्यानं ताडलं, आत्या रात्री नागराजला आत घेते. तोच आईच्या गादीवर झोपतो. अप्पांच्या कानाशी लागतो. दिसू नये म्हणून कॅमेरा बंद. संयोगिता म्हणाली, "अहो, आत्या तसल्या नाहीत. आधी विचारा तरी." त्यानं विचारलं नाही. तो पाहत राहिला. जेवताना, ऑफिसात, सिग्नलला. सतत मोबाइल.

शेवटी एक दिवस तो जाऊन उभा राहिला. मार्गशीर्षातली अमावास्या होती ती. शुक्रवार.

"आत्या, रात्री अप्पांच्या खोलीत काय करतेस?"

"अण्णाजवळ बसते."

"मग कॅमेऱ्याची पिन का काढतेस?"

अंबुबाईंनी भावाकडं पाहिलं. मालोजीराव छताकडं बघत पडले होते.

"त्या लाल दिव्यानं त्याला झोप लागत नाही."

"आणि आईच्या गादीवर कोण झोपतं? नागराज ना? घर हवं असेल तर उघड मागा की. चोरून कशाला?"

अंबुबाईंचा आवाज निघाला तो अगदी साधा. "अण्णा, सांगू का याला?"

"नको," मालोजीराव म्हणाले. "मला वृद्धाश्रमात टाकतील."

यशूला त्यातही कारस्थान दिसलं. तो आणखी चढून बोलला. अंबुबाईंनी पिशवीत दोन लुगडी भरली. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "सरी, बरं तर. बघ मग तूच, तुझ्या यंत्रातनं. पण यशू, स्वल्प, जरा ऐक. आज त्याला एकटं ठेवू नकोस. आज तरी."

तो थांबणारच होता. पण संध्याकाळी ऑफिसातनं फोन आला. काम अडलेलं, तो गेल्याशिवाय सुटेना. शेजारच्या पवित्रानं मालोजीरावांना भात भरवला, अंथरूण नीट केलं, दार ओढून घेतलं. यशू मनाशी म्हणाला, दोन तासांचा प्रश्न. आणि मी बघतोय की.

परत निघाला तेव्हा रात्र झाली होती. रिंग रोड तुंबलेला. पुढं लाल दिवे, मागं लाल दिवे. त्यानं मोबाइल समोर लावला.

कॅमेरा चालू होता. आज पिन काढायला कुणी नव्हतं. अप्पा उताणे. तोंड किंचित उघडं. डावीकडची चादर सपाट, एक सुरकुती नाही.

डावी गादी : भरलेली.

दोन रेघा. वर खाली, वर खाली. एकसारख्या.

त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण बरोबर होतो. पट्टीचाच दोष. आत्याला उगाच बोललो.

मग उजवी रेघ थांबली.

डावी थांबली नाही.

यशू बघत राहिला. अप्पांचाच श्वास तिकडं जाणवतो ना? मग अप्पांचा थांबल्यावर... हा कुणाचा चाललाय?

उजवी गादी : रिकामी.

चित्रात अप्पा तिथंच होते. गादीवर. उताणे.

"अप्पा!" तो ओरडला. कॅमेऱ्यातनं त्याचा आवाज त्या खोलीत घुमलेला त्याला इकडं ऐकू आला. "अप्पा! अप्पा!"

बराच वेळ काही नाही. मग मालोजीरावांच्या छातीत एक हिसका बसला. उजवी रेघ हलली. डोळे उघडले.

"हळू बोल, यशू..." त्यांचा आवाज खोल गेलेला. "त्याला आत्ता झोप लागलीय."

"कुणाला?"

अप्पांची मान वळत नव्हती. फक्त बुबुळं. सावकाश... डावीकडं गेली.

यशूनं गाडी तिथंच रस्त्याकडेला सोडली आणि धावत पुढं गेला. कोंडीच्या पलीकडं एक रिक्षावाला मिळाला, तो गल्लीबोळातनं कसा आला ते त्यालाच ठाऊक. घराचं दार बंद. ओढलं की लागणारं कुलूप तसंच; किल्लीनं उघडून तो आत शिरला. आत सगळे छोटे दिवे लुकलुकत होते.

खोलीत गारवा होता. बाहेर होता त्याहून जास्त.

तो वडिलांवर वाकला. हात बर्फासारखे.

"अप्पा, कोण आहे इथं?"

"आधी वाटलं... तुझी आई." ते ओठांतल्या ओठांत बोलत होते. "म्हणून बरं वाटायचं. कुणाला सांगितलं नाही. पण तुझ्या आईला दमा होता रे. तिचा श्वास मी ओळखतो. हे... हे माझ्यासारखा घेतं. आजपर्यंत मी थांबलो की थांबायचं. मी घेतला की घ्यायचं. आता शिकलंय."

यशूनं डावीकडच्या सपाट चादरीकडं पाहिलं.

"अंबू मधे निजायची," मालोजीराव म्हणाले. "माझ्या आणि त्याच्या मधे. म्हणून..."

यशूनं आणखी ऐकलं नाही. एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली. उचललं. शाल अडकली. दोन गाद्यांच्या फटीत तिचं टोक गेलं होतं. त्यानं ओढलं. येईना. पुन्हा ओढलं. कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरावं तशी ती ताणली गेली... आणि एकदम सुटली. त्यानं शाल तिथंच टाकली. पॅसेज ओलांडला. दाराबाहेर पायरीवर आला.

खिशातला मोबाइल थरथरला. त्यानं वडिलांना छातीशी धरूनच पाहिला.

डावी गादी : रिकामी.

त्यानं मागं वळून बघितलं. घरात कुणी नव्हतं. ते दोघंही बाहेर होते.

पॅसेजमधल्या डबीचा दिवा लागला.

तो पळाला. पवित्राच्या दारावर लाथ मारली, तिनं उघडलं, आणि ती रात्र त्या दोघांनी तिच्या बैठकीत काढली. उजाडल्यावर तो जे. पी. नगरला गेला. अंबुबाई नागराजच्या दारात तुळशीला पाणी घालत होत्या. यशूनं त्यांचे पाय धरले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच : "अण्णा श्वास घेतोय ना?"

आता बहीण-भाऊ दोघंही बेळ्ळंदूरला त्याच्याकडं असतात. मालोजीराव काठी घेऊन चालतात. तिथं वडिलांच्या खोलीत यंत्र एकही नाही, अंबुबाईंची खाट आहे.

घर बरेच दिवस बंद होतं. संक्रांतीनंतर एका दुपारी यशू आणि नागराज सामान हलवायला गेले, भर उन्हात, दारं खिडक्या सताड उघडून. डावीकडची गादी नागराजनं एका बाजूनं धरली, यशूनं दुसऱ्या. वरून गादी कोरी सपाट होती. झोपून झोपून पडतो तसा खळगा कुठंच नव्हता.

त्यांनी ती उलटली.

खळगा खालच्या बाजूला होता. डोक्याचा, खांद्यांचा, टाचांचा. उताण्या माणसाचा.